बंगळुरूचा जुना विमानतळ: एका कारखान्याची धावपट्टी

बंगळुरूच्या पूर्व अंगाला, एम. जी. रोडपासून आठेक किलोमीटरवर, शहराचा जुना विमानतळ आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएल, या सरकारी कंपनीच्या मालकीची ही जागा. मे २००८ पर्यंत शहराची सगळी नियमित विमानवाहतूक इथूनच चालत असे. आता ती उत्तरेकडे, देवनहळ्ळीजवळच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर गेली आहे. जुन्या तळावर तिकीट काढून कुणाला विमानात बसता येत नाही. धावपट्टी मात्र चालू आहे. नव्या लढाऊ विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या चाचण्या तिथे होतात, हवाई दलाची विमाने उतरतात, मंत्र्यांची आणि उद्योगपतींची खासगी विमाने येतात. हा तळ पुन्हा सामान्य प्रवाशांसाठी उघडावा का, हा प्रश्न बंगळुरूत अधूनमधून डोके वर काढतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: ही धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. ती एका कारखान्यासाठी झाली, आणि तो कारखाना उभारणारा माणूस सोलापूरचा होता.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. फाटक या भागीदाराबरोबर घेतलेली रेल्वेची कंत्राटे, भोर घाटातले बोगदे, सिंदिया कंपनीच्या आगबोटी, वालचंदनगरची साखर अशी मजल मारत पन्नाशी ओलांडलेल्या या उद्योजकाला देशात तीन गोष्टी तयार व्हाव्यात असे वाटत होते: जहाज, मोटार आणि विमान. १९३९ च्या शरदात, मोटारीच्या कारखान्याची बोलणी करून अमेरिकेहून परतताना, पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या क्लिपर विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. तसाच कारखाना भारतात का होऊ नये, हा विचार त्या प्रवासातच पक्का झाला. इंग्रज सरकारने सुरुवातीला दाद दिली नाही. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, इंग्लंडहून विमाने मिळण्याची आशा मावळली, आणि मग दिल्लीचे डोळे उघडले.

कारखाना कुठे काढायचा, हा पुढचा प्रश्न. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तो सोडवला. संस्थानाने बंगळुरूजवळ सुमारे ७०० एकर जमीन दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. बंगळुरूची निवड केवळ या औदार्यामुळे झाली नाही. शहर दोन्ही किनाऱ्यांपासून दूर असल्याने शत्रूच्या हल्ल्याची भीती कमी होती. शिवनसमुद्रची जलविद्युत १९०२ पासून उपलब्ध होती, भद्रावतीला पोलादाचा कारखाना होता आणि भारतीय विज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर होती. शिवाय हवा कोरडी आणि सौम्य. विमान जुळवायला आणि उडवायलाही सोयीची.

२३ डिसेंबर १९४० रोजी आजच्या एचएएलची पूर्वज, हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी, नोंदली गेली. डोमलूर रस्त्यावरच्या एका बंगल्यात कचेरी थाटली आणि माळरानावर शेड उभ्या राहू लागल्या. पुढच्याच ऑगस्टमध्ये कारखान्यातून पहिले विमान बाहेर पडले. ते हार्लो जातीचे, शिकाऊ वैमानिकांसाठीचे होते. सुटे भाग अमेरिकेतून आले होते, जुळणी इथे झाली. आठ महिन्यांत मोकळ्या रानातून विमान उडवणे ही आजच्या मोजमापानेही थक्क करणारी कामगिरी आहे, आणि महाराष्ट्रात तिची आठवण व्हावी तेवढी होत नाही. वालचंदांच्या हाती मात्र कारखाना फार काळ राहिला नाही. भारत सरकार मार्च १९४१ मध्ये भागधारक झाले आणि १९४२ मध्ये, जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्यावर, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेऊन कारभार ताब्यात घेतला. त्यानंतर कारखाना अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे सोपवण्यात आला आणि नवी विमाने बांधण्याऐवजी युद्धात मोडकळीला आलेली दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले.

त्या काळातली एक गोष्ट इथे येणाऱ्याने जागेवर उभे राहून कल्पनेत आणावी अशी आहे. धावपट्टीच्या दक्षिणेला बेळ्ळंदूर तलाव आहे. दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत कॅटलिना जातीची, पाण्यावर उतरणारी विमाने होती. ती समुद्रावर गस्त घालून यायची, बेळ्ळंदूरच्या पाण्यावर उतरायची आणि तिथून कारखान्यात नेली जायची. समुद्रापासून तीनशे किलोमीटरवर, नऊशे मीटर उंचीच्या पठारावर, शेतीसाठी राखलेल्या एका तळ्याने काही वर्षे सागरी विमानांच्या बंदराचे काम केले. हाच तलाव आता सांडपाण्याच्या फेसासाठी प्रसिद्ध आहे आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला लागलेली आग विझवायला लष्कराला बोलवावे लागले. जुन्या विमानतळाचा इतिहास जपायचा तर तो कुंपणाच्या आत संपत नाही, हे या तलावाकडे पाहून पटते.

युद्ध संपले आणि कारखान्यावर बेकारीची वेळ आली. हाताला काम हवे म्हणून एचएएलने रेल्वेचे लोखंडी डबे आणि बसच्या बॉड्या बांधल्या. याच सुमारास एक विलक्षण काम झाले. अमेरिकन सैन्य जाताना कानपूरला लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने निकामी करून टाकून गेले होते. ती पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत, अशीच त्यांची वासलात लावलेली होती. एचएएलच्या माणसांनी त्यांतली चाळीसच्या आसपास विमाने जेमतेम उडण्यापुरती ठीकठाक केली आणि जमशेद ऊर्फ जिमी मुन्शी या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळुरूला उडवत आणली. इथे त्यांची पुरी डागडुजी झाली आणि नव्या भारतीय हवाई दलाला बॉम्बफेकी विमानांचे पथक उभे करता आले.

त्या भंगारातून विमान उठवणाऱ्या कारखान्याला स्वतःचे विमान आखायचे होते, आणि ते काम ज्यांनी केले ते विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातले. जन्म १९०८ चा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे संशोधन केले आणि भारतात परतल्यावर बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग घडवण्यात त्यांचा वाटा होता. त्यांच्या आराखड्यावर बांधलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी याच धावपट्टीवरून पहिल्यांदा उडाले. चालवणारे पुन्हा जिमी मुन्शीच. दोन माणसे एकामागे एक बसतील असे, पंख खाली असलेले हे छोटे विमान पुढे दीडशेहून जास्त संख्येने तयार झाले, आणि त्यांतली काही घानाच्या हवाई दलालाही दिली गेली. भारतीय वैमानिकांच्या एका पिढीने आकाशाची ओळख करून घेतली ती या विमानातून.

यानंतरची यादी लांब आहे. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या देखरेखीखाली आखलेले मरुत हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी इथून उडाले. किरण हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ मध्ये, ध्रुव हेलिकॉप्टर १९९२ मध्ये आणि तेजस ४ जानेवारी २००१ रोजी. ओल्ड मद्रास रोडकडून जुन्या विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्याला सुरंजन दास यांचे नाव आहे. ग्रुप कॅप्टन दास यांनी मरुतचे पहिले उड्डाण केले आणि जानेवारी १९७० मध्ये मरुतच्याच चाचणीत, उड्डाण घेताच झालेल्या अपघातात, त्यांचा अंत झाला. या रस्त्यावर रोज हजारो दुचाकी अडकून पडतात. ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्याने कुंपणापलीकडच्या त्या काँक्रीटवर जीव गमावला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रवाशांचा या तळाशी संबंध आला तो १९४६ मध्ये, हैदराबादच्या डेक्कन एअरवेजची विमाने येऊ लागल्यावर. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्स आली. धावपट्टी कारखान्याची, तिच्या कडेला प्रवाशांसाठी एक टर्मिनल, अशी व्यवस्था बसली. कित्येक दशके तिच्यावर ताण पडला नाही, कारण बंगळुरू हे निवृत्तांचे, सरकारी कारखान्यांचे आणि बागांचे शहर होते. चित्र पालटले ते संगणकांमुळे. पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे केंद्र काढले, आणि नव्वदच्या दशकात परदेशी उड्डाणे सुरू झाली. २००३ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची विमानसेवा इथूनच उभी केली. आयुष्यात कधी विमानात न बसलेली माणसे रांगेत दिसू लागली. टर्मिनलची क्षमता वर्षाला ३६ लाखांच्या आसपास होती आणि शेवटच्या वर्षी त्यातून एक कोटीच्या घरात प्रवासी गेले. बसायला जागा नाही, सामानाचे पट्टे अपुरे, विमाने हवेत घिरट्या घालत थांबलेली, ही त्या वर्षांची आठवण अनेकांच्या मनात ताजी आहे.

या तळाच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस १४ फेब्रुवारी १९९० चा. मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० पश्चिमेकडून उतरत होते. ते धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर टेकले आणि पेटले. १४६ जणांपैकी ९२ दगावले. वैमानिकांनी निवडलेल्या स्वयंचलित पद्धतीत इंजिनांचा जोर कमी राहिला आणि विमान ठरल्यापेक्षा खाली घसरत गेले, असे चौकशीत दिसून आले. ए-३२० हे तेव्हा नवेकोरे तंत्रज्ञान होते. अपघातानंतर इंडियन एअरलाइन्सची या जातीची सगळी विमाने काही महिने जमिनीवर उभी होती. दोष धावपट्टीचा नव्हता. पण शहर तळाच्या किती जवळ सरकत आले आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

देवनहळ्ळीला नवा विमानतळ बांधायचे ठरले ते खासगी भागीदारीत. जुलै २००४ मध्ये केंद्र सरकार आणि विमानतळ कंपनी यांच्यात करार झाला, आणि जुन्या तळाचे भवितव्य त्या करारातल्या दोन अटींनी बांधले. पहिली, नवा विमानतळ सुरू होताच एचएएलवरची नियमित प्रवासी वाहतूक थांबवायची. दुसरी, सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षे त्याच्यापासून १५० किलोमीटरच्या हवाई अंतरात दुसरा प्रवासी विमानतळ उभा करायचा नाही. म्हैसूर आणि हासन यांचा अपवाद. हजारो कोटी गुंतवणाऱ्याला प्रवासी मिळण्याची खात्री हवी, हे समजण्यासारखे आहे. अशी हमी नसती तर नवा तळ झाला नसता किंवा फार उशिरा झाला असता. तरीही २००८ मध्ये बंगळुरूत मोठा विरोध झाला. विमानतळ प्राधिकरणाचे कर्मचारी मार्चमध्ये संपावर गेले. प्रकरण न्यायालयातही गेले. शहराच्या पूर्वेकडच्या माणसाला चाळीसेक किलोमीटर दूर जावे लागणार होते, आणि तेव्हा ना उन्नत मार्ग होता ना मेट्रो. करार मात्र करारच राहिला. २३ मेच्या रात्री जुन्या टर्मिनलचा कारभार आटोपला आणि मध्यरात्रीनंतर देवनहळ्ळीचा सुरू झाला.

आज जुना तळ पाहायचा तर डोमलूर उड्डाणपुलावरून ओल्ड एअरपोर्ट रोडने पूर्वेला निघावे. कोडिहळ्ळी, मुरुगेशपाळ्य अशी गजबजलेली वस्ती मागे पडते आणि उजव्या हाताला लांबच लांब कुंपण सुरू होते. पलीकडची धावपट्टी सुमारे ३,३०० मीटरची आहे. एवढी लांबी उगाच नाही: बंगळुरूच्या उंचीवर हवा विरळ असते, पंखांना आधार कमी मिळतो आणि भरलेल्या विमानाला वेग घ्यायला जास्त पल्ला लागतो. पुढे मारतहळ्ळीच्या दिशेला एचएएलचे वारसा केंद्र आणि संग्रहालय आहे. २००१ मध्ये उघडलेल्या या आवारात मरुत, अजीत, किरण, मिग-२१ आणि कॅनबेरा ही विमाने झाडांखाली उभी आहेत. मरुतच्या जवळ जाऊन पाहावे. नाक टोकदार, पंख मागे झुकलेले, अंगावरच्या पत्र्यांचे सांधे हाताने चाचपता येतील इतके जवळ. आत इंजिनांचे आडवे छेद ठेवले आहेत, त्यामुळे हवा पुढून ओढली जाऊन दाबली, जाळली आणि मागे फेकली कशी जाते, हे शाळकरी मुलालाही कळते. बंगळुरूला जाणाऱ्या मराठी माणसाने लालबाग आणि विधानसौध पाहून परत फिरू नये. वालचंद आणि घाटगे यांच्या कामाची साक्ष या आवारात आहे.

शहराच्या उत्तरेला जक्कूरचा छोटा तळ आहे, १९४८ मध्ये सुरू झालेला. तिथे सरकारी उड्डाण प्रशिक्षण शाळा चालते, आणि एअर डेक्कनआधी गोपीनाथांचा हेलिकॉप्टरचा व्यवसायही तिथूनच चालत असे. केंपेगौडा विमानतळाकडे जाणारा उन्नत मार्ग नेमका या धावपट्टीच्या टोकाशी आला आणि शिकाऊ विमानांची अडचण झाली. मोठ्या तळाच्या सोयीसाठी छोट्याचे पंख छाटले जातात ते असे.

एचएएलच्या भवितव्याचा विचार करताना देशातली तीन उदाहरणे उपयोगी पडतात. हैदराबादचा बेगमपेट तळ मार्च २००८ मध्ये अशाच कराराखाली बंद झाला आणि आजही प्रवाशांना बंद आहे. त्याच हैदराबादपासून १५० किलोमीटरच्या आत, मराठी बोलली जाणाऱ्या सीमाभागात, बिदर आहे. तिथल्या हवाई दलाच्या तळावर फेब्रुवारी २०२० मध्ये ‘उडान’ योजनेतली प्रवासी विमाने सुरू झाली, हैदराबादच्या विमानतळ कंपनीच्या संमतीने. म्हणजे अट पाळूनही वाट निघू शकते, सेवा छोटी असेल आणि मोठ्या तळाच्या पोटावर पाय येत नसेल तर. तिसरे उदाहरण नाशिकजवळच्या ओझरचे. ओझरची धावपट्टीही एचएएलची, मिग विमानांच्या कारखान्यासाठी झालेली. महाराष्ट्र सरकारने तिथे प्रवासी टर्मिनल बांधले आणि आता लढाऊ विमानांचा कारखाना आणि नागरी प्रवासी एकाच धावपट्टीवर नांदत आहेत. एचएएलला हे जमते, हे वेगळे सिद्ध करायला नको.

बंगळुरूत प्रश्न अधिक अवघड आहे. ही धावपट्टी आज देशातल्या विमानचाचण्यांचे मुख्य ठिकाण आहे. हवाई दलाची चाचणी संस्था इथे आहे आणि तेजसची पुढची विमाने इथूनच उडायची आहेत. चाचणीचे वेळापत्रक प्रवाशांच्या वेळापत्रकासारखे चालत नाही. एखादे उड्डाण पुढे ढकलावे लागते, एखादे अचानक परत येते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मिराज विमान इथेच कोसळून दोन वैमानिक गेले. एअरबस आणि बोइंगच्या रांगा पुन्हा या तळावर लावणे, हा विचार म्हणूनच सोडून द्यावा. देवनहळ्ळीला २०२४-२५ मध्ये चार कोटींहून अधिक प्रवासी गेले. तो भार पेलण्याची ना इथे जागा आहे, ना रस्त्यांची ताकद. दुसऱ्या मोठ्या विमानतळासाठी कर्नाटक सरकार कनकपुरा रस्ता आणि नेलमंगला परिसरातल्या जागा पाहत आहे, तर तमिळनाडूने जून २०२४ मध्ये सीमेपलीकडे होसूरला आंतरराष्ट्रीय विमानतळ करण्याची घोषणा केली. मोठ्या वाहतुकीचे उत्तर तिकडेच आहे.

छोट्या विमानांचे मात्र तसे नाही. ओल्ड एअरपोर्ट रोड, बेळ्ळंदूर, व्हाइटफील्ड या पट्ट्यात राहणाऱ्याला कोल्हापूर, बेळगाव किंवा हुबळीला जायचे असेल, तर विमान हवेत असते त्याहून जास्त वेळ देवनहळ्ळी गाठण्यात जातो. सत्तर आसनांच्या एटीआरला लागते त्याच्या दुपटीहून लांब धावपट्टी इथे तयार आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी २०१९ पासून बंगळुरूहून पन्नास आसनांची विमाने चालवते आहे. अशा सेवेला इथे जागा मिळाली तर कारखान्याला धक्का लागणार नाही. सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी तेवढेच, मधला दिवस चाचण्यांचा, आणि धावपट्टीवर पहिला हक्क नेहमी कारखान्याचा: या मर्यादेत जुना तळ पुन्हा उघडणे शहाणपणाचे ठरेल. त्यासाठी विमानतळ कंपनीची संमती घ्यावी लागेल किंवा अटीची मुदत संपण्याची वाट पाहावी लागेल.

ती मुदत मे २०३३ मध्ये संपते. तोवर जे हातचे जाऊ नये असे आहे ते धावपट्टीभोवतीचे आकाश. उतरण्याच्या वाटेखाली किती उंच इमारत बांधायची याला मर्यादा आहे आणि त्यासाठी एचएएलचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पूर्व बंगळुरूत जमिनीचा भाव पाहता या मर्यादेवर दबाव येतच राहणार. तो मानला गेला तर प्रवासी विमानांचा प्रश्न आपोआप निकालात निघेल, आणि त्याबरोबर १९४१ पासून इथे चालत आलेले विमाने उडवून पाहण्याचे कामही दुसरीकडे हलवावे लागेल.